न वाळणारा घाम

दिगंबर निखाडेला सोलर पार्कवरून दवाखान्यात आणलं तेव्हा त्याच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि डॉक्टरांना नेमकं तेच कळेनासं झालं होतं. उष्माघाताचा रोगी नागपूरच्या डॉक्टरला नवा नाही. मे महिन्यात दुपारी उघड्यावर काम करायचं नाही असा सरकारी नियम होऊनही रोज कुणी ना कुणी येतोच. पण असा माणूस बहुधा कोरडा ठणठणीत होऊन येतो. अंग भाजत असतं आणि घाम आटलेला असतो. इथे माणूस विहिरीतून काढल्यासारखा ओला होता, वर पंखा पूर्ण वेगात फिरत होता, नर्स पुन्हा पुन्हा पाण्याने अंग पुसत होती, आणि ताप तसूभर हलत नव्हता.

त्याची बायको चारुलता बुटीबोरीहून धावत आली. तिथल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत ती रसायनतज्ज्ञ होती. दिगंबर अर्धवट शुद्धीत होता. तिला पाहून तो काहीतरी पुटपुटला, त्यातलं तिला फक्त लेकीचं नाव कळलं. तिने त्याचा हात हातात घेतला आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला.

हात गुळगुळीत होता. वर्षानुवर्षं उन्हात पॅनेल तपासत फिरणाऱ्या माणसाचा तळवा तान्ह्या बाळाच्या गालासारखा लागत होता. तेलकटपणा नाही, चिकटपणा नाही. हा स्पर्श चारुलताला पाठ होता. प्रयोगशाळेत ती कित्येक वर्षं ह्याच स्पर्शाच्या मागे लागलेली होती.

तिने त्याच्या मनगटावर फुंकर घातली. घामाचा ओघळ होता तसाच राहिला. मग तिने ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला आणि त्याच्या दंडावरची थोडी जागा खसाखसा पुसून काढली. जरा वेळाने त्या जागेवर नवा घाम फुटला आणि पंख्याच्या वाऱ्याने उडूनही गेला. तेवढी जागा कोरडी झाली, सभोवार मात्र सगळं पाणीच पाणी.

तिने डॉक्टरांना सांगितलं की ह्यांना पुसून किंवा वारा घालून काही उपयोग होणार नाही, मानेपर्यंत पाण्यात बुडवा. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कारण विचारलं. त्वचेवर मेणासारखा थर बसलाय आणि तो घाम उडू देत नाहीये, एवढंच ती म्हणाली. बाकीचं तिने गिळलं. कुठूनतरी मोठा टब आणला गेला, त्यात बर्फ ओतला गेला, आणि दिगंबरचा ताप उतरायला लागला. तो धोक्याबाहेर आहे असं कळताच ती गाडी काढून घरी निघाली.

चारुलता ज्या पदार्थावर काम करायची त्याचं नाव तिच्या सासूबाईंनी एकदा क्रीमच्या डबीवर वाचलं होतं आणि विचारलं होतं, की तोंडाला लावायच्या वस्तूत दारू काहून टाकता तुम्ही. सिटाइल अल्कोहोल. नाव सोडलं तर त्याचा दारूशी काही संबंध नाही. पामतेलातून, खोबरेलातून निघणारे ते पांढरे, मेणचट कण असतात, आणि बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक क्रीममध्ये ते किंवा त्यांची भावंडं असतात. त्यांच्यामुळे तेल आणि पाणी एकत्र नांदतं, क्रीमला घट्टपणा येतो आणि बोटाला ती मखमलीसारखी लागते.

त्याच्या रेणूला एक लांब शेपटी असते, तिला पाण्याचं वावडं. आणि एक इवलंसं डोकं असतं, त्याला पाण्याची ओढ. पाण्यावर चिमूटभर टाकलं तर हे रेणू डोकं पाण्यात खुपसून, शेपट्या वर करून, एकमेकांना खेटून उभे राहतात. एकाच रेणूच्या जाडीचा तो पडदा डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याची वाफ अडवून धरतो. पूर्वी काही देशांतल्या इंजिनिअरांनी दुष्काळी भागातल्या तलावांवर हाच पदार्थ पसरून पाहिला होता. पाणी कमी उडायचं खरं, पण वारा सुटला की पडदा फाटायचा, आणि फाटलेला पडदा पुन्हा शिवणार कोण?

त्वचेवरही तीच अडचण होती. क्रीम लावली की पडदा बसतो, आंघोळ केली की जातो. चारुलताच्या लेकीला, रेवाला, जन्मापासून मत्स्यचर्म नावाचा विकार होता. अंगभर माशासारखे खवले, सांध्यांवर भेगा, हिवाळ्यात भेगांतून रक्त. दिवसातून किती वेळा तिला क्रीम चोपडावी लागे ह्याला हिशेब नव्हता. शाळेत गोल करून उभं राहायचं असलं की शेजारची मुलं तिच्या हाताऐवजी तिची बाही धरायची.

चारुलताच्या प्रयोगशाळेने ह्यावर तोड काढली होती. माणसाच्या त्वचेवर नेहमीच वस्तीला असणारा एक निरुपद्रवी जंतू त्यांनी घेतला आणि त्याच्या जनुकांत बदल केला. आता तो त्वचेवरच्याच तेलापासून सिटाइल अल्कोहोल बनवायचा. पडदा फाटला की जंतू तो पुन्हा विणायचा, म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला विणकर म्हणत. एकदा लावा, मग जन्मभर क्रीम नको. सगळ्या परवानग्या घेऊन, हा विकार असलेल्या काही मुलांवर गेल्या हिवाळ्यात त्याची चाचणी झाली. रेवाची निवड बाहेरच्या समितीने केली होती आणि चारुलताला तिच्या तपासण्यांपासून लांब ठेवलं होतं. घरच्यांच्या त्वचेवर विणकर पसरतो का हेही तपासलं गेलं. नव्हता पसरला. निरोगी त्वचेवरचे जंतू त्याला थारा देत नाहीत असा निष्कर्ष निघाला.

संक्रांतीपर्यंत रेवाचे खवले गळून गेले. त्या दिवशी तिने हलवा वाटताना मुद्दाम प्रत्येकाचा हात धरला होता. दिगंबर स्वयंपाकघरात तोंड लपवून रडला होता.

हिवाळ्यात कुणाला घाम येत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि मत्स्यचर्माच्या मुलांना तसाही घाम कमीच येतो, त्यामुळे त्यांचे आईबाप त्यांना उन्हाळाभर एसीच्या खोलीत जपतात. ज्या मुलांवर औषध तपासलं, ती ऊन कधी पाहतच नव्हती.

घरात शिरल्याशिरल्या चारुलताला गरम झळ लागली. हॉलमधला कूलर सुरू होता. पंखा फिरत होता, जाळीतलं गवत ओलं होतं, टाकी भरलेली होती, आणि हवा मात्र भट्टीतून यावी तशी येत होती. दिगंबर आठवडाभर त्या कूलरला शिव्या देत होता. त्याने गवत बदललं, मोटर साफ केली, काही फरक पडला नव्हता.

ती टाकीवर वाकली. वरून फुंकर घातली. पाण्यावर तरंग उठायला हवे होते. पाणी साय धरलेल्या दुधासारखं निपचित पडून राहिलं.

"आई, मी भरला कूलर," रेवा आपल्या खोलीच्या दारातून म्हणाली. अकरा वर्षांची ती मुलगी खूश होती. कूलर भरायचं काम तिने ह्या वर्षी हट्टाने मागून घेतलं होतं. भरताना ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसायची. पूर्वी पाण्याने तिच्या भेगा चरचरायच्या, आता काही होत नव्हतं, म्हणून तो तिचा खेळच झाला होता.

रेवा धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. चारुलता तशीच उभी राहिली. लेकीला ढकलावं की कवटाळावं हे तिला कळेना. मग तिने तिला हळूच बाजूला केलं, बाबा बरा आहे म्हणून सांगितलं, आणि न्हाणीघरात जाऊन आरशासमोर उभी राहिली. कपाळ, गाल, हात, सगळीकडचा घाम वाळत होता. लॅबमध्ये दिवसभर स्पिरिटने धुतले जाणारे तिचे हात स्वच्छ होते. पण मानेवर, जिथे रेवा रोज हात टाकून झोपायची, तिथला घाम वाळत नव्हता. तिने टॉवेलने पुसलं. तो पुन्हा आला आणि तसाच राहिला.

म्हणजे घामामुळे विणकराचं फावलं होतं. घामातल्या क्षारांनी आणि ओलाव्याने विणकराला परक्या त्वचेवर पाय रोवायला जागा दिली होती. सेहेचाळीस अंशांच्या हवेत, जेव्हा हवाच अंगापेक्षा गरम असते, तेव्हा माणसाला थंड ठेवणारी एकच गोष्ट उरते. घाम उडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तो उडालाच नाही, तर माणूस आतून शिजत जातो. कितीही पाणी प्या, कितीही घाम गाळा.

ती बाहेर आली आणि शक्य तितक्या शांतपणे तिने रेवाला विचारलं, सुट्टी लागल्यापासून तू कुणाकुणाबरोबर होतीस.

रेवाने सांगितलं की जुईच तर यायची रोज. हे चारुलतालाही माहीत होतं. जुई गेडाम, वर्गातली मुलगी, रेवाची पहिली खरीखुरी मैत्रीण. दोघी एकमेकींच्या वेण्या घालायच्या, कपडे बदलून घालायच्या, दुपारी एकाच पलंगावर पाय पसरून गोष्टी वाचायच्या. तीन-चारदा जुई मुक्कामालाही राहिली होती.

"आज येणार आहे का ती?"

"नाही ना. ती आजीच्या गावाला गेली सकाळी. अहेरीच्या पलीकडे आहे ते. चंद्रपूरला उतरून दुसऱ्या गाडीत बसून राहिली म्हणून मघाशी फोन आला होता तिचा."

घड्याळात दुपारचा एक वाजत होता.

जुईची आई शालिनी हिचा फोन लागत नव्हता. चंद्रपूरच्या पुढे रस्ता जंगलातून जातो, आणि एवढी वर्षं होऊनही तिथे मोबाइलला मध्येच रेंज मिळते, मध्येच नाही. नागपूर-चंद्रपूर एसटी एसीची असते. तिथून अहेरीकडे जाणारी साधी, उघड्या खिडक्यांची. चारुलताने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग तिने प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीनिवास कोलते ह्यांना फोन केला.

कोलते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांचा आवाजच बदलला. ते म्हणाले की दिगंबरच्या आणि तुझ्या त्वचेचे नमुने ताबडतोब घेऊ, जंतू वाढवून पाहू, दोन दिवसांत पक्कं कळेल. तोवर हे बाहेर बोलू नकोस. बोललीस आणि ते खोटं निघालं तर दहशत माजेल. खरं निघालं तर त्या मुलांची नावं लोक शोधून काढतील. "लोक दगड घेऊन जातील त्यांच्या दारावर, चारुलता. तुझ्याही."

तिला पटत होतं त्यांचं. तिलाही तीच भीती होती. पण तिच्या डोळ्यांसमोर खिडकीशी बसलेली जुई होती, आणि बाहेरून येणारा तो गरम वारा. तिने फोन ठेवला.

तेवढ्यात दवाखान्यातून दिगंबरचा फोन आला. आवाज खोल गेलेला होता, पण तो शुद्धीवर होता आणि त्याने आपल्या परीने सगळं जुळवलं होतं. हा आपल्या पोरीच्या औषधाचाच प्रकार ना, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली. जुईचंही सांगितलं. तो म्हणाला, "पोलिसांना कळव. पण रेवाचं नाव नको घेऊ. माझं सांग. मी लॅबमध्ये येऊन गेलो, माझ्यापासून गेलं म्हण."

"तू जुईला कधी शिवला आहेस का, दिगंबर? कोण मानेल?"

"मानोत नाहीतर न मानोत. तिला आत्ताच कुठे लोक जवळ करून राहिले चारू. हे कळलं तर जन्मात कुणी तिच्या सावलीला उभं राहणार नाही."

चारुलताने फोन ठेवला. रेवा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि सगळं ऐकत होती.

पोलीस नियंत्रण कक्षातल्या माणसाने पहिल्यांदा तिला उष्माघाताच्या कक्षाकडे वळवलं. तिथल्या बाईंनी विचारलं की मुलगी आजारी आहे असं तिच्या आईने कळवलं आहे का. नाही. मग तुम्हाला कसं माहीत? चारुलताने कंपनीचं नाव सांगितलं, विणकराबद्दल सांगितलं. बाईंना काही बोध झाला नाही. अशा फोनांची त्यांना सवय असावी. त्या सौम्यपणे म्हणाल्या की तुम्ही लेखी तक्रार पाठवा, आम्ही चौकशी करू.

चारुलताने डोळे मिटले.

"हे माझ्या मुलीमुळे झालंय," ती म्हणाली. "तिचं नाव रेवा दिगंबर निखाडे. ती चाचणीतली मुलगी आहे. तिच्या अंगावरचा जंतू जुईला लागलाय. माझा नवरा ह्याच जंतूने आज मरता मरता वाचला, दवाखान्याचं नाव लिहून घ्या आणि त्यांना विचारा. पण आधी ती गाडी थांबवा."

पलीकडे लिहिण्याचा आवाज आला. रेवा चौकटीवरून निघून खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

पुढचं शालिनी गेडामने नंतर सांगितलं. चंद्रपूर सोडल्यावर जुईला मळमळायला लागलं. तिला गाडी लागते, म्हणून शालिनीने लिंबू हुंगायला दिलं. मुलीला घाम भरपूर येत होता, म्हणून ती निर्धास्त होती. लू लागली की घाम बंद होतो, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने ओल्या रुमालाने जुईचं तोंड पुसलं, वर्तमानपत्राने वारा घातला. मग जुई तिला ओळखेनाशी झाली. आजी कुठं आहे, रेवा कुठं आहे, असं काहीबाही बडबडायला लागली. स्वतः शालिनीचंही डोकं गरगरत होतं. तिला वाटलं, घाबरल्यामुळे असेल.

आष्टीच्या अलीकडे कंडक्टरच्या तिकिटाच्या यंत्रावर निरोप आला. नदीच्या पुलाशी गाडी थांबली. मेमधली वैनगंगा, पात्राच्या मधोमध तेवढं पाणी, बाकी सगळी तापलेली वाळू. कंडक्टरने जुईला उचललं आणि तो धावत सुटला. मागे शालिनी, तिच्या मागे आणखी दोघे-तिघे प्रवासी. पुलावर फोनला रेंज होती. नियंत्रण कक्षाने चारुलताला जोडून दिलं.

"पुसू नका," चारुलता ओरडून सांगत होती. "वारा घालू नका. वाऱ्याने काही होणार नाही. तिला पाण्यात झोपवा, डोकं तेवढं वर धरा. पाणी गरम असलं तरी चालेल, अंगापेक्षा थंडच असेल ते. आणि शालिनीताई, तुम्हीपण बसा पाण्यात. आत्ता, लगेच."

शालिनीने ऐकलं. गुडघाभर पाण्यात ती साडीसकट बसली आणि लेकीचं डोकं तिने मांडीवर घेतलं. फोन कंडक्टरच्या हातात होता. तो दर थोड्या वेळाने सांगत होता की पोरगी डोळे उघडत नाही. चारुलताला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, कुणीतरी देवाचं नाव घेत होतं ते ऐकू येत होतं. ती कूलरशेजारी जमिनीवर बसून होती आणि तिच्या मानेवरून घाम वाहत होता. खूप वेळाने कंडक्टर म्हणाला, "मॅडम, पाणी मागून राहिली पोरगी."

शालिनीने फोन घेतला आणि एवढंच विचारलं, की हे कुणापासून लागलं. चारुलताने सांगितलं. शालिनीने फोन बंद केला.

त्यानंतरचा उन्हाळा विदर्भाने कसा काढला ते सगळ्यांना माहीत आहे. चाचणीतली मुलं निरनिराळ्या गावांची होती आणि प्रत्येकाला भावंडं होती, आजी-आजोबा होते, शाळा होती. वर्ध्याला एका मुलाचे आजोबा गेले, अमरावतीला एक नुकतीच बाळंत झालेली मावशी. लोकांनी हस्तांदोलन सोडलं, लग्नाच्या तिथी पुढे ढकलल्या. दुपारी तलावांवर पोलीस बसवावे लागले, कारण माणसं आणि म्हशी एकाच पाण्यात गळ्यापर्यंत बसून राहायला लागली. कुणाच्याही घरी गेलं की आधी हातावर फुंकर घालून दाखवायची पद्धत पडली. कोलतेंनी स्वतःहून सगळी कागदपत्रं सरकारला दिली आणि चौकशीला सामोरे गेले. निखाड्यांच्या दारावर खरंच दगड आले. दोन खिडक्या फुटल्या. दिगंबर तेव्हा घरी आला होता. त्याने काचा झाडून काढल्या आणि चारुलताला एका शब्दाने बोल लावला नाही. पण तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि ती शांतता तिला दगडांपेक्षा जड जायची.

विणकराला मारणारा विषाणू सापडला तो पावसाळा तोंडावर आल्यावर. त्याचं मलम अंगाला लावायचं, आठवडाभर एकटं राहायचं, की त्वचा स्वच्छ. रेवा तेव्हा विलगीकरण कक्षात होती. काचेच्या पलीकडे चारुलता रोज जाऊन बसायची. तिथल्या डॉक्टरबाईंनी मायलेकींना एक गोष्ट समजावून सांगितली. ज्या मुलांना मूळ विकार होता त्यांना सरकार सवलत देत होतं. हवं तर विणकर अंगावर ठेवता येईल. कातडी अशीच मऊ राहील. मात्र थंड घरात, वेगळं राहावं लागेल, आणि कुणालाही हात लावता येणार नाही. नको असेल तर मलम लावा. मग खवले परत येतील.

चारुलताला कोणतंही उत्तर ऐकायचं नव्हतं. ती काचेला हात लावून बसली. रेवाने विचारलं की जुई आता घरी आहे का, तिला चालता येतं का. येतं, असं बाईंनी सांगितलं. रेवाने आपल्या पंज्याची मागची बाजू गालावरून फिरवली, एकदा, आणि मलमाची डबी मागून घेतली.

पावसाळ्यात खवले आले. हिवाळ्यात पहिल्यासारखी भेगांतून रक्ताची रेघ दिसायला लागली. विणकर संपला असं जाहीर झालं. चारुलताला ते जाहीर करणं आवडलं नाही. थंडीत तो आधीही दिसला नव्हता. तिने नोकरी सोडली होती आणि आता ती आरोग्य विभागासाठी त्वचेचे नमुने तपासायची. स्वतःचा नमुना ती दर महिन्याला द्यायची.

त्या वर्षात लोकांच्या सवयी बदलल्या. क्रीमचा खप बसला. गुळगुळीत हात म्हणजे धोका, हे लहान मुलांनाही कळायला लागलं. फुटलेल्या टाचा आणि खरबरीत तळवे बायका आता लपवत नव्हत्या. जाहिरातींतल्या तुकतुकीत मुली बघून लोक चॅनेल बदलायचे.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तेव्हा एक दिवस रेवाने आईला, मला जुईकडे सोड, म्हणून सांगितलं. वर्षभरात दोघी भेटल्या नव्हत्या. फोनवर बोलत असाव्यात, चारुलताने कधी विचारलं नव्हतं. दिगंबर म्हणाला, नको जाऊस, दारातून परत पाठवतील. रेवा म्हणाली, पाठवू दे.

दार शालिनीने उघडलं. ती खूप वाळली होती. तिने चारुलताकडे पाहिलं, मग रेवाकडे, आणि हात पुढे केला. रेवा मागे सरली. वर्षभर ती कुणाच्याही हाताच्या टप्प्यात येत नव्हती, बाबाच्याही नाही. शालिनीने दोन पावलं पुढे येऊन तिचा पंजा धरलाच. तळव्यावरून अंगठा फिरवला. खवले तिच्या बोटाला लागले असतील, भेगा लागल्या असतील. ती अंगठा फिरवत राहिली आणि तिच्या खांद्यांतला ताण हळूहळू सैल होत गेला.

"ये आत," ती रेवाला म्हणाली. "जुई कधीची वाट पाहून राहिली."

रेवा आत गेली. आतून जुईचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चारुलताने चपला काढायला पाय उचलला, तर शालिनी दारात तशीच उभी. तिची नजर चारुलताच्या हातांवर होती. चारुलताचे हात प्रयोगशाळेतल्या माणसाचे, मुळातच मऊ.

"मी मागच्याच महिन्यात तपासून घेतलंय, ताई," चारुलता म्हणाली.

"माहीत आहे मला. तुम्ही फोन केला नसता तर माझी पोरगी राहिली नसती, तेही माहीत आहे." शालिनीचा आवाज शांत होता. "पण तुम्ही बाहेरच थांबा."

तिने जाळीचं दार लावून घेतलं.

चारुलता अंगणात उभी राहिली. कडुनिंबाखाली सावली होती, तिथे ती गेली नाही. मागच्या महिन्यात, म्हणजे तपासणी झाली तेव्हा अजून थंडी होती. तिने डाव्या हाताच्या बोटांनी उजवा तळवा चाचपून पाहिला. नेहमीसारखाच लागत होता की जरा जास्त मऊ, तिला सांगता येईना. तिने बाह्या वर सरकवल्या आणि हात उन्हात धरून ठेवला.

थोड्या वेळाने मनगटाजवळ घाम फुटला. रस्त्यावरून वाऱ्याची झुळूक आली. घाम आटला, आणि मागे मिठाची अंधूक पांढरी रेघ राहिली. आतून दोन मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. चारुलताने ती रेघ पाहिली, बोटाने पुसली, आणि पुढच्या थेंबाची वाट पाहत ती उन्हातच उभी राहिली.